कंदीलमाशांचा साठा: परवान्याआधी मोजणी हवी

अरबी समुद्रात सुमारे १० कोटी टन मासळी वापराविना पडून आहे, हे विधान मत्स्यव्यवसायाच्या चर्चेत गेली चाळीस वर्षे पुन्हा पुन्हा येत आले आहे. जगभरच्या समुद्रांतून वर्षाकाठी पकडली जाणारी मासळी ८ कोटी टनांच्या आसपास असते आणि भारताच्या साऱ्या किनाऱ्यांवर उतरणारी मासळी ३५ लाख टनांच्या आसपास भरते, हे लक्षात घेतले की या आकड्याची भुरळ का पडते ते कळते. ही मासळी म्हणजे बोटभर लांबीचे, पोटावर दिव्यांच्या रांगा मिरवणारे, खोल पाण्यात राहणारे कंदीलमासे, आणि त्यांतही मुख्यतः बेन्थोसेमा या प्रजातीचे मासे. किनाऱ्यालगतची मासळी कमी होत चालली असल्याने ‘आता खोल समुद्राकडे वळा’ असा सल्ला शासनाच्या धोरणांतून आणि उद्योगाकडून एकाच सुरात दिला जात आहे. अनन्य आर्थिक क्षेत्रातील, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातील मासेमारीसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित केल्यामुळे या सल्ल्याला आता कायद्याची चौकटही मिळाली आहे. म्हणूनच या चौकटीत कंदीलमाशांची जागा कोणती, हे आजच ठरवले पाहिजे. माझे मत असे की, अरबी समुद्रातील या साठ्याची स्वतंत्र आणि सलग काही वर्षांची मोजणी हाती येईपर्यंत कंदीलमाशांच्या व्यापारी मासेमारीचा एकही परवाना देऊ नये, आणि खतासाठी किंवा खाद्याच्या भुकटीसाठी तर तो मोजणीनंतरही देऊ नये.

ज्या जिवाबद्दल आपण बोलत आहोत, तो नीट पाहिला पाहिजे. कंदीलमाशांच्या कुळात सुमारे अडीचशे जाती आहेत. बेन्थोसेमा ही त्यातली लहानशी, जेमतेम पाच जातींची प्रजाती. तिच्यातील बेन्थोसेमा टेरोटम ही जाती अरबी समुद्राच्या उत्तर आणि पश्चिम भागात, जिथे उथळ समुद्रतळ संपून खोल उतार सुरू होतो त्या पट्ट्यात, अफाट संख्येने आढळते. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर काम केलेले शल्यवैद्य आणि निसर्गअभ्यासक आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९० मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पूर्ण वाढलेला मासा चार-पाच सेंटिमीटरचा, क्वचित त्याहून थोडा मोठा. डोके बोथट, डोळे शरीराच्या मानाने फारच मोठे, पाठ काळसर, कुशी चंदेरी. पोटावर आणि कुशीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या गोल ठिपक्यांच्या रांगा असतात. यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक प्रकाशेंद्रिय होय. आत प्रकाश निर्माण करणाऱ्या पेशी, त्यांच्यामागे प्रकाश परावर्तित करणारा थर, त्याच्याही मागे काळ्या रंगद्रव्याची वाटी आणि पुढे जाड झालेल्या खवल्याचे भिंग, अशी त्याची रचना असते. हा प्रकाश काही खोलसागरी माशांप्रमाणे जिवाणूंकडून आलेला नसतो. माशाच्या स्वतःच्या रासायनिक क्रियेतून तो निळा उजेड उमटतो. वरून झिरपणाऱ्या मंद प्रकाशाइतकाच प्रकाश पोटाकडून सोडला की, खालून वर पाहणाऱ्या शिकाऱ्याला माशाची सावली दिसत नाही. ठिपक्यांची मांडणी प्रत्येक जातीत वेगळी असते आणि शेपटीच्या मुळाशी असलेला चमकदार पट्टा सामान्यतः नरात वरच्या, तर मादीत खालच्या बाजूस असतो. जाळे वर ओढले जाते तेव्हा या माशांचे खवले घासून निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर ओळखीची ही खूणही बहुतांशी नाहीशी होते. ट्रॉलरच्या फळीवर येतो तो राखाडी, ओला, एकमेकांत चिकटलेला ढीग. अशा ढिगातून कोणती जाती किती पकडली याची नोंद कोण आणि कशी ठेवणार, हा प्रश्न परवाने मागणाऱ्यांनी आजवर उपस्थित केलेला नाही.

या माशांचा दिनक्रम अरबी समुद्राच्या रचनेशी घट्ट बांधलेला आहे. आपल्या या समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही खाली, प्राणवायू अत्यल्प असलेला पाण्याचा जाड थर आहे. जगातील अशा सर्वांत तीव्र थरांमध्ये त्याची गणना होते आणि गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याच्या रसायनशास्त्रावर अनेक दशके काम केले आहे. बहुतेक मोठे शिकारी मासे या थरात फार वेळ तग धरू शकत नाहीत. बेन्थोसेमा मात्र दिवसभर याच थरात जवळजवळ स्तब्ध राहतो, अंधार पडू लागला की वर येतो, रात्रभर वरच्या शंभर मीटर पाण्यात कोपेपॉडसारखे सूक्ष्म प्राणी खातो आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा खाली उतरतो. चार सेंटिमीटरच्या देहाने दररोज दोनशे-तीनशे मीटर वर आणि तितकेच खाली, असा हा प्रवास चालतो. प्राणवायूचा अभाव हेच त्याचे दिवसाचे संरक्षण आहे. हा थर तापमानवाढीने पसरला किंवा वर सरकला, तर या माशाचे संपूर्ण वेळापत्रक बदलेल. ज्या साठ्याचा आधारच असा हलता आहे, त्याचा एखाद्या वर्षीचा अंदाज पुढील पन्नास वर्षांसाठी गृहीत धरणे शास्त्राला धरून नाही.

आणि तो अंदाज नेमका आला कोठून? १९७५-७६ मध्ये ‘डॉ. फ्रित्यॉफ नॅन्सेन’ हे नॉर्वेचे संशोधनजहाज अरबी समुद्राच्या पश्चिम आणि उत्तर भागात फिरले. त्याने ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून आणि नमुना-जाळ्यांवरून मध्यम खोलीवरील माशांचे मोजमाप केले. त्या व पुढील नोंदींच्या आधारे १९८० च्या दशकात संपूर्ण अरबी समुद्रासाठी १० कोटी टन हा आकडा मांडला गेला. ज्या शास्त्रज्ञांनी तो मांडला, त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, कारण त्या काळच्या साधनांनी तेवढे करणे हीच मोठी गोष्ट होती. आकडा ज्या सावधपणे मांडला गेला, तो सावधपणा धोरणपत्रांत मात्र गळून पडला.

प्रतिध्वनीवरून मासे मोजण्यातल्या अडचणी आता पुष्कळ स्पष्ट झाल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या यंत्रांना समुद्राच्या मधोमध एक खोटा तळ दिसू लागला. रात्री तो वर येई आणि दिवसा खाली जाई. तो तळ म्हणजे जिवंत प्राण्यांचा थर होता, हे पुढे सिद्ध झाले. माशाच्या वायुपिशवीवरून ध्वनी परततो म्हणून हा थर दिसतो. परंतु सायफोनोफोर या जेलीसारख्या प्राण्यांतही वायूचे फुगे असतात आणि तेही तसाच प्रतिध्वनी देतात, त्यामुळे अंदाज फुगू शकतो. उलट बाजूनेही चूक होते. नॉर्वेतील मासफ्यूर या खाडीत बेन्थोसेमा ग्लेशियाले या जातीवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे मासे येणारे जाळे ओळखून बाजूला सरकतात असे दिसले, म्हणजे जाळ्यावर आधारलेले अंदाज फार कमी येतात. जागतिक पातळीवर १९८० मध्ये अशा माशांचा साठा १०० कोटी टन मानला जात होता, २०१४ मध्ये तो कदाचित १,००० कोटी टन असेल असे मांडले गेले आणि २०१९ मधील एका विश्लेषणाने १८० कोटी ते १,६०० कोटी टन अशी रुंद कक्षा दिली. कमाल अंदाज किमान अंदाजाच्या जवळजवळ नऊपट आहे. मासेमारीचा कोटा किमान अंदाजावर ठरवायचा की कमाल, हे कोणालाही सांगता येणार नाही, आणि ज्याला नफा हवा आहे तो कोणता निवडेल हे सांगायला नको.

‘वापराविना’ या शब्दावर माझा मुख्य आक्षेप आहे. माणसाने खाल्ले नाही म्हणजे कोणीच खाल्ले नाही, असा त्यात गर्भित अर्थ आहे. खोल समुद्रात म्हाकुळांची एक जांभळ्या पाठीची जाती रात्री पृष्ठभागाजवळ येऊन शिकार करते, आणि तिच्या आहारात कंदीलमाशांचा मोठा वाटा असतो. पिवळ्या पराचा गेदर (ट्यूना), खोल पाण्यातले इतर कुपे आणि रात्री शिकार करणारे काही डॉल्फिन यांचीही गुजराण कंदीलमाशांवर आणि मध्यम खोलीवरच्या अशाच इतर जिवांवर होते. सूक्ष्म प्राणी खाऊन त्यांचे मांस करणारा आणि ते मांस मोठ्या माशांपर्यंत पोहोचवणारा हा दुवा आहे. शासन एकीकडे गेदराच्या खोल समुद्रातील मासेमारीला प्रोत्साहन आणि अनुदान देते. त्याच गेदराचे अन्न दुसऱ्या परवान्याने उपसायचे असेल, तर दोन्ही योजनांचा हिशेब एकाच टेबलावर मांडायला हवा. तसा तो मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

मासेमारीच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद या माशाच्या आयुष्यमानाचा आहे. बेन्थोसेमा टेरोटम साधारण वर्षभरच जगतो. तो झपाट्याने वाढतो, लवकर प्रजननक्षम होतो आणि एरवीही बहुतेक मासे त्याच वर्षी मरतात, तेव्हा काही भाग आपण घेतला तर बिघडले कोठे, असे विचारले जाते. या युक्तिवादात तथ्य आहे. चाळीस-पन्नास वर्षे जगणाऱ्या खोलसागरी माशांपेक्षा असा अल्पायुषी मासा मासेमारीतून लवकर सावरू शकतो. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. ज्या साठ्यात दोन-तीन वर्षांचे मासे शिल्लक राहतच नाहीत, तिथे एका हंगामातले प्रजनन फसले की पुढच्या हंगामासाठी जुनी पिढी हाताशी नसते. व्याजावर जगू असे म्हणता येण्यासाठी मुद्दल मागे उरावे लागते, आणि इथे दरवर्षी मुद्दलच नव्याने तयार होते. अल्पायुषी माशाच्या बाबतीत कोटा दरवर्षी, हंगामाच्या तोंडावर, ताज्या सर्वेक्षणावरून ठरवावा लागतो. आपल्याकडे अरबी समुद्रात असे दरवर्षीचे ध्वनिसर्वेक्षण कंदीलमाशांसाठी नियमितपणे होत नाही. ‘सागर संपदा’ हे संशोधनजहाज १९८० च्या दशकापासून हे काम करण्यास सक्षम आहे आणि त्यावरून कंदीलमाशांचे चांगले अभ्यासही झाले आहेत, पण एका जहाजाच्या अधूनमधून होणाऱ्या फेऱ्या म्हणजे वार्षिक मोजणी नव्हे.

आपल्या आधी ज्यांनी हा प्रयत्न केला, त्यांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेने आपल्या किनाऱ्यावर कंदीलमाशांची एक जाती पकडायला सुरुवात केली. १९७३ मध्ये ती मासळी ४२ हजार टनांवर गेली, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास ही मासेमारी थांबली, कारण माशातील तेलाचे प्रमाण एवढे होते की भुकटीच्या कारखान्यांतील यंत्रणा चालेना. सोव्हिएत संघाच्या जहाजांनी अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात दुसरी एक जाती १९९१ पर्यंत वर्षाला सुमारे ७८ हजार टनांपर्यंत पकडली. तो देशच विसर्जित झाल्यावर ती मासेमारी लवकरच बंद पडली. बेन्थोसेमावर इराणने ओमानच्या आखातात प्रयोग केले, ओमाननेही चाचण्या केल्या. चाळीस वर्षांत १० कोटी टनांच्या साठ्यावर एकही मोठा, स्थिर, स्वतःच्या पायावर उभा असलेला व्यवसाय उभा राहिलेला नाही, हे वास्तव आहे. छोट्या माशासाठी बारीक आसाचे प्रचंड जाळे खोल पाण्यात ओढायचे तर डिझेल बेसुमार लागते, मासा काही तासांत खराब होतो, आणि काही जातींच्या चरबीत मेणासारखे घटक असल्याने तो माणसाला पचतही नाही. उरतो तो मार्ग भुकटीचा. एक किलो मत्स्यभुकटीसाठी चार ते पाच किलो ओली मासळी लागते. ती भुकटी जाते कोळंबीच्या तळ्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यात. या व्यवहारात जहाज मोठ्या भांडवलाचे असते, कारखाना कोणा दुसऱ्याचा असतो, आणि देवगड, मालवण, हर्णे किंवा वसईच्या होडीवाल्याच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही.

कोणी म्हणेल की, कारखान्यांना खोल समुद्रातील कंदीलमासे मिळाले तर किनाऱ्यावरची तारली आणि बांगड्याची पिल्ले तरी वाचतील. हे म्हणणे मी मनापासून विचारात घेतले आहे, कारण भुकटीसाठी होणारी बारीक मासळीची लूट थांबावी असे मलाही वाटते. परंतु मागणी ठरलेली आणि मर्यादित असेल तरच एक पुरवठा दुसऱ्याची जागा घेतो. मत्स्यभुकटीची मागणी तशी नाही. कोळंबी-शेती वाढत आहे, आणि नवा कच्चा माल आला तर नवे कारखाने उभे राहतील, जुने बंद होणार नाहीत. किनाऱ्यावरची पिल्ले वाचवायची असतील तर त्याचा सरळ मार्ग आहे आणि महाराष्ट्राने तो २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार अधिसूचित करून कागदावर स्वीकारलाही आहे. त्याची बंदरावर तपासणी करा, भुकटीच्या कारखान्यात उतरणारी मासळी मोजा. ते आधी करून दाखवल्याशिवाय कंदीलमाशांच्या नावाने किनाऱ्याच्या रक्षणाची हमी देऊ नये.

नियम मागाहून येण्याचे परिणाम कोकणाने भोगले आहेत. थवा घेरून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांच्या नौका वाढत गेल्या, पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर उतरले, डॉ. सोमवंशी समितीने २०१२ मध्ये अहवाल देऊन परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याची शिफारस केली, आणि त्यावर शासनाचा आदेश निघाला तो फेब्रुवारी २०१६ मध्ये. त्या चार वर्षांत किती नौका पाण्यात उतरल्या, त्यांवर किती कर्जे काढली गेली आणि मग ती कर्जे फेडण्यासाठी किती जणांना नियम मोडणे भाग पडले, हे सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या बंदरांवर कोणीही सांगेल. प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करण्याचेही तसेच झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली, पण त्यानंतरही रात्री समुद्रात ते दिवे दिसतात आणि गस्तीनौका अपुऱ्या पडतात. तारलीचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती आणि २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. त्यामागे समुद्राच्या तापमानातील आणि प्रवाहांतील बदल होते, तशीच मासेमारीही होती, आणि दोन्हींचा वाटा वेगळा काढण्यावर शास्त्रज्ञांत आजही चर्चा चालू आहे. तारली किनाऱ्यापासून काही मैलांवर मिळते, तिच्या नोंदी अनेक दशकांच्या आहेत. तिच्याबाबतीत आपण एवढे अंधारात असू, तर तीनशे मीटर खोल असलेल्या माशाची घसरण आपल्या लक्षात कधी येईल?

आणखी एक बाब, जिचे मोल बाजारात होत नाही. रात्री वर खाल्लेले अन्न दिवसा खाली नेऊन तिथे विष्ठेच्या आणि श्वसनाच्या रूपाने सोडणारा हा मासा वातावरणातून समुद्रात आलेला कार्बन खोल पाण्यात पोहोचवतो. समुद्राच्या वरच्या थरातून खाली जाणाऱ्या कार्बनमध्ये माशांचा वाटा सुमारे १६ टक्के असावा असा एक अंदाज २०२१ मध्ये मांडला गेला, आणि त्यातही अनिश्चितता मोठी आहे. आकडा पुढे बदलला तरी दिशा बदलणार नाही.

मग करायचे काय? अमेरिकेने २०१६ मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यावर एक साधा नियम केला. ज्या लहान माशांवर मोठे मासे जगतात आणि ज्यांची मासेमारी अजून सुरूच झालेली नाही, त्यांच्यावर, कंदीलमाशांसह, नवी मासेमारी सुरू करण्यास बंदी घातली. ज्याला ती हवी असेल त्याने आधी शास्त्रीय माहिती आणून ती सुरक्षित असल्याचे दाखवावे, असे त्यातून ठरले. पुरावा देण्याची जबाबदारी तिथे पकडणाऱ्यावर आहे. हाच नियम आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्राच्या नव्या नियमावलीत एका कलमाने आणता येईल, आणि आज कोणाचेच भांडवल यात अडकलेले नसल्याने त्याची किंमत कोणालाही मोजावी लागणार नाही. त्याचबरोबर केरळात कोल्लमच्या परिसरातील खोल समुद्रातील कोळंबीच्या ट्रॉलरांच्या जाळ्यांत जे कंदीलमासे आपोआप येतात आणि पुष्कळदा फेकून दिले जातात, त्यांची जातीनिहाय नोंद सक्तीची करावी. कोचीच्या मत्स्यसंशोधन संस्थांकडे त्यासाठीचे तज्ज्ञ आहेत. त्या नोंदींतूनच मोजणीची पहिली वर्षे स्वस्तात उभी राहतील.

समुद्रातील हा पट्टा मात्र आपल्या एकट्याचा नाही. बेन्थोसेमाचे सर्वांत दाट थवे ओमानच्या आखातात आणि इराण, पाकिस्तान, ओमान यांच्या किनाऱ्यांसमोर आहेत, त्यामुळे एका देशाने संयम पाळला आणि दुसऱ्याने उपसा केला तर मोजणी निरर्थक ठरेल. हिंदी महासागरातील गेदरासाठी आयोग आहे आणि भारत, ओमान, इराण व पाकिस्तान हे चारही देश त्याचे सदस्य आहेत. परंतु त्याचा अधिकार गेदर आणि त्यांच्या जवळच्या एकूण १६ जातींपुरता आहे. अरबी समुद्राच्या मधल्या खुल्या भागात कंदीलमाशांवर कोणत्याही संस्थेचे नियंत्रण नाही. खुल्या समुद्रातील जैवविविधतेच्या २०२३ च्या करारावर भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वाक्षरी केली आहे. गेदराचे अन्न म्हणून कंदीलमाशांच्या साठ्याचे संयुक्त सर्वेक्षण व्हावे, हा प्रस्ताव भारताने गेदर आयोगाच्या वैज्ञानिक समितीपुढे मांडावा आणि त्यासाठी ‘सागर संपदा’च्या फेऱ्यांपैकी काही दरवर्षी राखून ठेवाव्यात, अशी माझी मागणी आहे. इराणशी आणि ओमानशी आपले सागरी संबंध जुने आहेत. पाकिस्तानशी थेट बोलणे अवघड असले, तरी आयोगाच्या मेजावर दोन्ही देशांचे मासेतज्ज्ञ आजही शेजारी बसतात.